ओल्या लाकडाचा वाडगा: ओंडक्यापासून तेलाच्या हातापर्यंत

ताज्या तोडलेल्या ओंडक्याचा तुकडा लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून कातायच्या यंत्रावर, लावला की धारेखालून लांबलचक, ओलसर सालपटं सुटतात आणि हातावर पाण्याचे बारीक तुषार येतात. लाकूड मऊ असतं, हत्याराला फारसा विरोध करत नाही, धूळही जवळपास होत नाही. शिवाय दहा सेंटीमीटर जाडीचं, पूर्ण वाळलेलं आणि तरीही न तडकलेलं लाकूड मिळणं मुश्कील. एवढा जाड ठोकळा आतपर्यंत वाळायला काही वर्षं जातात आणि त्या काळात तो बऱ्याचदा फुटतो. म्हणून वाडगे कातणारे बहुतेक जण ओल्या लाकडालाच पसंती देतात.

मात्र इथे वस्तू आधी घडते आणि लाकूड नंतर वाळतं. ओंडका कुठून चिरायचा, भिंत किती जाड ठेवायची, वाडगा कशात गुंडाळून ठेवायचा, हे सगळं त्या पुढच्या वाळण्याचा हिशेब धरून ठरवावं लागतं. हत्यार चालवण्याचं कसब सरावाने येतं. नवख्यांचे वाडगे जास्त करून वाया जातात ते हा हिशेब न केल्यामुळे, म्हणून आधी तोच समजून घेऊ.

पाणी निघून जाताना काय होतं

लाकडातली ओल ही पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्क्यांत सांगतात. त्यामुळे ताज्या लाकडाची ओल १०० टक्क्यांच्या वरही असू शकते, म्हणजे लाकडापेक्षा त्यातलं पाणीच जड. हे पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळ्यांमधलं मोकळं पाणी आधी जातं. त्याने वजन उतरतं, पण आकार बदलत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांपर्यंत उतरली की पेशींच्या भिंतींमधलं पाणी सुटू लागतं, आणि लाकूड आकसतं ते तेव्हापासून. घरात ठेवलेलं लाकूड हवेच्या दमटपणानुसार साधारण ८ ते १४ टक्क्यांवर स्थिरावतं.

खरी गोम अशी की लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसतं. मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, ३ ते ६ टक्के. वलयांच्या बाजूने, म्हणजे परिघाच्या दिशेने, ६ ते १२ टक्के. झाडागणिक आकडे बदलतात, पण परिघाचं आकसणं त्रिज्येच्या सुमारे दुप्पट, हे प्रमाण बहुतेक लाकडांत आढळतं. ओंडक्याची अखंड चकती वाळली की तिला मध्यापासून सालीपर्यंत पाचरीसारखी भेग पडते ती याचमुळे. परीघ आखडतो, त्रिज्या तेवढी आखडत नाही, मग परिघाला कुठेतरी तुटावंच लागतं. वाडग्यात मधला गाभा राहिला तर वाडग्याचंही तेच होतं.

दुसरी गोष्ट वेगाची. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. जुडीच्या कापलेल्या टोकांमधून पाणी बाजूंपेक्षा दहा-पंधरापट वेगाने निघून जातं. टोकाकडचा थर वाळून आखडतो, आतलं ओलं लाकूड जागचं हलत नाही, आणि या ओढाताणीत तडा जातो. ओंडका, ठोकळा, अर्धवट कातलेला वाडगा, तिन्हींना हा धोका सारखाच आहे.

ओंडका निवडणं आणि चिरणं

पहिल्या वाडग्यासाठी २० सेंटीमीटरचं माप धरा. त्याहून लहान वाडग्यात हत्यार आत फिरवायला जागा अपुरी पडते आणि मोठा वाडगा बिघडला तर जोराने बिघडतो. २० सेंटीमीटरच्या वाडग्याला सालीसकट ३० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका पुरतो.

सरळ उभ्या खोडाचा तुकडा घ्या. तिरप्या फांदीच्या लाकडात वाढतानाच ताण भरलेला असतो. त्यात गाभा एका बाजूला सरकलेला दिसतो, आणि असं लाकूड कापताकापताच वाकतं. जात फार कठीण नको आणि फार भुसभुशीतही नको. मॅपल, बर्च, आंबा यांच्यावर सराव चांगला होतो. चेरी, सफरचंद, आलुबुखार ही लाकडं देखणी, पण तडकण्यात अट्टल. ती नंतर घ्या. कण्हेर विषारी आहे आणि बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, तेव्हा ही दोन्ही झाडं वाडग्यासाठी वर्ज्य. ज्याची जात ओळखू येत नाही त्या लाकडाचा वाडगा खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये.

ओंडका मिळाला त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण लावा. लाकडाच्या टोकांसाठी मिळणारं पातळ मेणाचं मिश्रण सगळ्यात सोयीचं. ते नसेल तर वितळवलेलं पॅराफिन किंवा जुन्या ऑइलपेंटचे दोन जाड हात चालतात. मग ओंडका सावलीत, जमिनीपासून उचलून, जमेल तेवढा लांबच ठेवा. टोकं तडकली तर तेवढा भाग कापून टाकता येतो. आधीच लहान तुकडे करून ठेवले तर प्रत्येक तुकड्याला दोन नवी टोकं मिळतात आणि कापून टाकण्याजोगं काही उरत नाही.

कातायच्या दिवशी टोकाकडचा भेगाळलेला भाग काढून टाका. नव्या कापावर पाणी शिंपडून उन्हात निरखून बघा, केसासारख्या भेगा त्यात स्पष्ट दिसतात. भेग दिसेनाशी होईपर्यंत पातळ चकत्या काढत जा. मग ओंडक्याच्या व्यासाहून ५ सेंटीमीटर जास्त लांबीचा तुकडा घ्या.

आता गाभा काढायचा. दोन्ही टोकांवर गाभ्याच्या बिंदूतून जाणारी रेघ मारा. टोकांवर आधीच एखादी भेग असेल तर रेघ त्याच भेगेवरून न्या, म्हणजे भेग चिरण्यातच निघून जाते. तुकडा आडवा ठेवून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकून घट्ट करा आणि रेघेवरून चेनसॉने लांबीच्या दिशेने चिरा. या कापात शेवयांसारखे लांब दोरे निघतात आणि ते साखळीच्या झाकणात अडकतात, म्हणून दोनतीनदा थांबून झाकण मोकळं करावं लागतं. तुकडा उभा करून वरून चिरू नका. त्याला दुप्पट वेळ लागतो आणि तो डळमळतोही. चेनसॉची सवय नसेल तर हे काम सवय असलेल्या माणसाकडून करून घ्यावं; वाडग्याच्या सगळ्या कामात सर्वांत धोकादायक पायरी हीच.

दोन अर्धे झाले की प्रत्येकाच्या सपाट बाजूवरून आणखी २ ते ३ सेंटीमीटर जाडीची फळी उतरवा, म्हणजे गाभा आणि त्याच्या लगतची दाट, छोटी वलयं निघून जातात. नवख्यांचा जीव इथे हळहळतो, एवढं लाकूड फुकट जातं असं वाटतं. पण ठेवलेला गाभा पुढे वाडगाच खातो.

पुठ्ठ्याची २२ सेंटीमीटर व्यासाची चकती कापून सपाट बाजूवर ठेवा, मध्य टोचून घ्या आणि कडेने आखा. बँडसॉ असेल तर त्यावर गोल कापा, नसेल तर कोपरे उडवून अष्टकोन केला तरी चालतो. वाडग्याचं तोंड सपाट बाजूला येणार आणि बूड सालीकडे. त्याच दिवशी कातायचं नसेल तर ठोकळ्याला सगळीकडून मेण लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि आठवड्याच्या आत वापरा, नाहीतर बुरशी चढते.

हत्यारं

वेग कमी-जास्त करता येणारं लेथ, चार जबड्यांचा चक (लाकूड पकडून फिरवणारा भाग), किमान ७५ मिलिमीटरची फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने लावायची धातूची चकती), एक बाउल गाउज (वाडगे कातायचं, खोबण असलेलं हत्यार), एक गोल तोंडाचा जाड स्क्रेपर (खरवडायचं सपाट हत्यार), पार्टिंग टूल (अरुंद खाच पाडायचं हत्यार), कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) आणि धार लावायचं ग्राइंडर. एवढ्यावर सगळं होतं. गाउज १६ मिलिमीटर जाड सळईचा, धारेमागचा उतार ५५ अंशांच्या आसपास असलेला घ्या. दोन्ही पंख, म्हणजे धारेच्या दोन बाजू, मागे घासलेले असतील तर तो जास्त क्षमा करतो.

एक हत्यार वाडग्यापासून लांब ठेवायचं: लांबट दांडे कातायचा स्पिंडल रफिंग गाउज. रुंद आणि दणकट दिसतो, म्हणून नवखे नेमका तोच उचलतात. त्याचा मुठीत शिरणारा भाग अरुंद असतो. वाडग्याच्या आडव्या तंतूंमध्ये तो अडकला तर तिथून मोडतो आणि पातं चेहऱ्याकडे येतं.

धार जितकी वाटते त्याहून जास्त वेळा लावावी लागते. सालीत माती आणि खडे रुतलेले असतात, म्हणून आधी तारेच्या ब्रशने साल झाडून घ्या. तरीही बाहेरची बाजू गोल होईपर्यंत दोनतीनदा ग्राइंडरकडे जावं लागेल. सालपटांऐवजी तुकडे आणि भुसा पडू लागला, की धार गेली असं समजा.

लेथवर: बाहेरची बाजू

ठोकळ्याची सपाट बाजू रंध्याने खरोखर सपाट करा आणि तिच्यावर फेसप्लेट बसवा. किमान सहा स्क्रू, जाड, आणि लाकडात २५ ते ३० मिलिमीटर शिरणारे. जिप्समच्या पत्र्यांसाठी मिळणारे काळे बारीक स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात आणि झटक्यात मोडतात. स्क्रूच्या भोकांची काळजी नको. तो भाग पुढे कोरून निघणारच आहे. टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा, लाकूड दाबून धरणारा सरकता भाग) पुढे आणून दाबून लावा आणि जितका वेळ शक्य तितका वेळ तिथेच राहू द्या.

सुरू करण्याआधी ठोकळा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा, टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीला, कुठे लागत नाही ना. सगळे दांडे कसलेले आहेत का, तेही बघा. चेहऱ्यावर पूर्ण फेसशील्ड हवी, नुसता चष्मा पुरत नाही. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठी, काहीही नको. बटण दाबताना ठोकळ्याच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. साल किंवा तुकडा सुटला तर तो सरळ समोर उडतो.

वेगाचा साधा हिशेब असा: इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. २२ सेंटीमीटर म्हणजे सुमारे ९ इंच, म्हणजे ६५० ते १,००० फेरे. पण हा आकडा गोल झालेल्या वाडग्याचा. ओबडधोबड, एका बाजूला जड असलेला ठोकळा ३०० ते ४०० फेऱ्यांवर सुरू करा. लेथ थरथरलं तर वेग कमी करा, आणि थरथर थांबली की थोडा वाढवा.

टूल रेस्ट ठोकळ्यापासून ५ ते १० मिलिमीटरवर, आणि उंची अशी की धार मध्यरेषेवर कापेल. रेस्ट सरकवायचा तर आधी लेथ थांबवायचं, दर वेळी.

आता मुख्य गोष्ट. गाउज आधी रेस्टवर टेकतो, मग त्याचा उतार लाकडावर टेकतो, आणि मग मूठ किंचित उचलली की धार कापायला लागते. हा क्रम कधी मोडू नका. उतार टेकलेला असतो तोवर धार किती खोल जाईल ते तुमच्या हातात असतं. तो सुटला की लाकूड हत्याराला आत ओढून घेतं. गाउजची खोबण, हत्यार ज्या दिशेने सरकतंय त्या बाजूला साधारण ४५ अंश कललेली ठेवा. खोबण आभाळाकडे उघडी राहिली तर वरचा पंख लाकडात घुसतो आणि दणका बसतो. मूठ कमरेला लावून ठेवा आणि हाताऐवजी सगळं अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलवा, म्हणजे रेघ एकसलग येते.

बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे कापायची, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे. वाडग्यात तंतू आडवे असतात. या दिशेने कापताना प्रत्येक तंतूला पाठीमागच्या तंतूचा आधार मिळतो. उलट दिशेने गेलात तर तंतू उचकटतात. दर फेऱ्यात टोकाचे तंतू दोनदा धारेसमोर येतात, त्या दोन ठिकाणी खरखरीत ठिगळं दिसली तर तीन गोष्टी तपासा: धार, दिशा आणि हत्यार ढकलण्याचा वेग. बहुधा पहिलीच चुकलेली असते.

सुरुवातीला ठक-ठक आवाज येईल, कारण धार फक्त उंचवट्यांवर लागते. जसा ठोकळा गोल होतो तसा आवाज सलग होत जातो, आणि शेवटी नुसता सुरकन सूर लागतो. तिथून मग आकार द्यायला घ्या. पहिल्यांदा साधा, काठापासून बुडापर्यंत कुठेही न मोडणारा बाक पुरे.

बुडाला चकमध्ये पकडण्यासाठी टेनन, म्हणजे बुडातून पुढे आलेला छोटा गोल खुंट, काढा. तिचा व्यास वाडग्याच्या साधारण एकतृतीयांश, इथे ६५ ते ७० मिलिमीटर, आणि लांबी ८ ते १० मिलिमीटर. बाजू जबड्यांच्या उतारानुसार आत किंचित निमुळती. सगळ्यात महत्त्वाचा तो टेननभोवतीचा सपाट खांदा. तो जबड्यांच्या तोंडावर पूर्ण टेकला पाहिजे आणि टेननचं टोक मात्र चकच्या तळाला लागता कामा नये. पकडीची ताकद त्या खांद्यातून येते. टेननमध्ये साल, भेग किंवा कुजका भाग आला तर बुडाकडून आणखी कापून निरोगी लाकडात नवी काढा. वाडगा उडून जाण्याच्या प्रकारांत खराब टेननचा वाटा मोठा असतो. टेननच्या मधोमध टेलस्टॉकच्या टोकाची खूण स्पष्ट राहू द्या, ती पुढे फार कामाला येते.

आतली बाजू, आणि भिंतीची जाडी

वाडगा उलटून टेनन चकमध्ये धरा. घट्ट करा, हाताने फिरवून बघा, पुन्हा घट्ट करा. ओलं लाकूड दाबाखाली थोडं चेपतं, म्हणून दहा मिनिटांनी आणखी एकदा चावी फिरवा.

मधोमध खोलीचं भोक पाडून घ्या. वाडग्याची उंची मोजताना टेनन सोडून मोजायची, आणि त्यातून बुडाची जाडी वजा करायची. टेननसकट मोजणाऱ्याचा वाडगा शेवटी, टेनन काढताना, बुडाला भोक पडून संपतो. ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीने खूण केली की काम सोपं होतं.

आत दिशा उलटी: काठाकडून मध्याकडे. मध्याजवळ छोटा खड्डा करून सुरुवात करा आणि प्रत्येक काप थोडा आणखी बाहेरून घेत खड्डा रुंद करत जा. प्रत्येक काप सुरू होताना खोबण पूर्ण आडवी, मध्याकडे तोंड करून. या क्षणी उताराला टेकायला अजून जागा नसते, म्हणून खोबण उघडी असेल तर गाउज काठावरून घसरत बाहेर येतो आणि काठावर नागमोडी ओरखडा उमटवतो. दोन-तीन मिलिमीटर आत शिरून उतार टेकला की मग खोबण ४५ अंशांवर उघडा.

जाडी किती ठेवायची ते दोन रस्त्यांपैकी कोणता धरणार यावर आहे. एक, आता जाड ठेवायचा, वाळवायचा आणि वाळल्यावर पुन्हा कातून गोल करायचा. दोन, एकाच बैठकीत पातळ करून संपवायचा आणि वाळताना येईल तो बाक येऊ द्यायचा. नवख्यांनी पहिले चार-पाच वाडगे जाडच ठेवावेत. जाड भिंत चुका पोटात घालते, आणि ते वाळेपर्यंत हातही बसलेला असतो.

जाड ठेवायचा म्हणजे भिंत व्यासाच्या एकदशांश. २०० मिलिमीटरच्या वाडग्याला २० मिलिमीटर. हा आकडा कुठून आला ते करून बघण्यासारखं आहे. समजा लाकूड आडव्या दिशेने ८ टक्के आकसलं आणि लांबीच्या दिशेने जवळपास नाही. बाहेरचा २०० मिलिमीटरचा गोल आता एका बाजूने २०० आणि दुसऱ्या बाजूने १८४ असा लंबगोल झाला. आतला १६० चा गोल १६० आणि १४७ झाला. आता यातून बसणारा सगळ्यात मोठा बाहेरचा गोल १८४ चा आणि सगळ्यात लहान आतला गोल १६० चा, म्हणजे त्रिज्या ९२ आणि ८०. हाती राहिली १२ मिलिमीटरची भिंत. हीच भिंत सुरुवातीला १२ मिलिमीटर ठेवली असती तर आतला गोल १७६ चा, त्रिज्या ८८, आणि शिल्लक ४ मिलिमीटर. त्यात हत्यार एकदा जरी घसरलं तरी वाडगा गेला. उलट ३५ मिलिमीटर ठेवली तर बाहेरचा थर वाळून आखडतो तेव्हा मधला अजून ओलाच असतो, आणि भिंत तडकते.

जाडी सगळीकडे सारखी हवी. भिंत जिथे वळून बुडाला मिळते तिथे नवख्यांच्या हातून हमखास लाकूड जास्त राहतं. भिंत २० आणि ते वळण ३२, असा वाडगा वळणाशीच फुटतो. कॅलिपर काठापासून हळूहळू खाली नेत दर दोन सेंटीमीटरवर मोजा.

वाळवण

लेथवरून उतरवलेला वाडगा वाऱ्यावर तासभरही ठेवू नका. काम अर्धवट सोडून उठायचं असेल तर ओलं फडकं टाकून प्लॅस्टिकने झाका. काम संपलं की पूर्ण बाहेरच्या बाजूला आणि काठावरून आत २ सेंटीमीटरपर्यंत मेण लावा. आतली बाजू उघडी ठेवा. बुडावर लाकडाची जात, तारीख आणि वजन लिहा. मग जाड तपकिरी कागदाच्या पिशवीत, किंवा वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत गुंडाळून थंड, वारा न लागणाऱ्या जागी ठेवा. खाली दोन पट्ट्या हव्यात, म्हणजे बुडाखालीही हवा खेळते. ऊन नको, पंखा नको, आणि कपाटाचा माथा तर नकोच, छताखाली उष्णता साठते. प्लॅस्टिकमध्ये बंद करून विसरलात तर आठवड्यात काळी-हिरवी बुरशी येते.

वाळलं की नाही ते वजन सांगतं. पहिला महिना दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी वजन करून बुडावरच लिहीत जा. समजा वाडगा पहिल्या दिवशी ८८० ग्रॅम भरला, तर पहिल्या काही आठवड्यांत वजन भराभर उतरेल, मग उतरण मंदावेल आणि ५६० च्या आसपास कुठेतरी थांबेल. लागोपाठ तीन-चार आठवडे काटा हलला नाही की वाडगा तयार. २० मिलिमीटरच्या भिंतीला चार ते सहा महिने धरून चला, दमट हवेत आणखी जास्त. घाई असेल तर मेण लावण्याआधी वाडगा पाण्यात बुडवून उकळतात, २५ मिलिमीटर जाडीला एक तास या हिशेबाने, आणि त्याच पाण्यात थंड होऊ देतात. तडकण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, रंग मात्र जरा फिका पडतो.

मधेच बारीक भेग दिसली तर पातळ सुपरग्लू तिच्यात मुरू द्या आणि तेवढ्या जागी पुन्हा मेण लावा. नखभर लांबीची भेग अशी थोपवता येते. काठापासून बुडाकडे निघालेली भेग थांबत नाही. तो वाडगा सोडून द्या, फिरत्या लेथवर तो दोन तुकडे होऊन उडू शकतो.

दुसरी कातणी

वाळलेला वाडगा लंबगोल झालेला असतो, काठ किंचित खोगिरासारखा वरखाली, आणि टेननसुद्धा लंबगोल. ती तशीच चकमध्ये दाबली तर जबडे दोनच ठिकाणी टेकतात. आधी काठ सपाट पाटावर ठेवलेल्या ६० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून डुगडुग कमी करा. मग चकमध्ये लाकडाची चकती धरून तिच्यावर रबराचा तुकडा लावा, वाडग्याचं तोंड त्यावर टेकवा, आणि बुडाकडून टेलस्टॉकचं टोक त्या जुन्या खुणेत बसवून दाबा. या पकडीत फक्त टेनन आणि खांदा पुन्हा गोल करायचा. ६५-७० ची टेनन ६० वर आली तरी चालते.

नंतर नेहमीप्रमाणे आधी बाहेर, मग आत. आता लाकूड कठीण आहे, काप हलके हवेत, धूळही उडते, म्हणून तोंडावर धुळीचा मास्क लावा. भिंत ८ मिलिमीटरपर्यंत आणा. आतून शेवटचा हात स्क्रेपरने देताना त्याची मूठ किंचित वर आणि धार किंचित खाली ठेवा. काठाजवळ मात्र स्क्रेपर नको, पातळ काठ थरथरतो आणि किंचाळतो.

एकाच बैठकीत पातळ

हात बसल्यावर हा रस्ता जरूर करून बघा, कारण वाळताना आलेला बाक अशा वाडग्याला स्वतःचं रूप देतो. भिंत ५ ते ७ मिलिमीटर आणि सगळीकडे एकसारखी. एवढी पातळ भिंत वाळताना वाकून मोकळी होते, म्हणून सहसा तडकत नाही.

बाहेरची बाजू पूर्ण झाल्यावर आत काठापासून ३ सेंटीमीटर खोलीपर्यंतची भिंत अंतिम जाडीला आणा, मगच पुढच्या ३ सेंटीमीटरना हात घाला. खालचं जाड लाकूड तोवर काठाला आधार देतं. एकदा पुढे गेलात की मागे काठाकडे वळू नका. दहा-पंधरा मिनिटांत तो लंबगोल व्हायला लागलेला असतो आणि हत्यार एकाच बाजूला घुसतं. मधूनमधून पाण्याचा फवारा मारा. वाडग्यामागे दिवा ठेवला तर फिक्या रंगाच्या ओल्या लाकडातून उजेड झिरपतो आणि जाड-पातळ भाग रंगाच्या छटेवरून लगेच कळतात. एवढी पातळ भिंत कॅलिपरने मोजायची तर लेथ थांबवूनच.

ओल्या लाकडावर साधा पॉलिश पेपर लगेच भरतो आणि घासण्याच्या उष्णतेने पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. तेव्हा एकतर पाणी लावत वॉटर पेपरने घासा, नाहीतर आठ-दहा दिवस कागदात वाळू देऊन मग हाताने घासा.

बूड, घासणी आणि तेल

टेनन काढायला वाडगा पुन्हा उलटा, चकतीवर टेकवून, टेलस्टॉकच्या दाबाखाली. चकतीवर मऊ कापड ठेवा, म्हणजे आत डाग पडत नाहीत. टेनन कापत कापत अंगठ्याएवढा खुंट राहू द्या, तो लेथ बंद करून बारीक करवतीने कापा आणि पटाशीने साफ करा. बुडाचा मधला भाग २ मिलिमीटर आत खोलगट हवा. सपाट बूड वाळताना जरा जरी फुगलं तर वाडगा डुगडुगतो. खोलगट बूड कडेवर बसतं.

घासायला ८० नंबरपासून १२०, १८०, २४०, ३२० असे क्रमाने जा. एकही पायरी गाळू नका, गाळलेल्या पायरीचे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. वेग कातण्याच्या निम्मा. बोटांना कागद गरम लागला की दाब जास्त होतोय.

टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या ओल्या लाकडाला लोखंड लागलं की निळे-काळे डाग पडतात, हातांवरही पडतात. लिंबाच्या रसाने ते बरेच उतरतात. काम संपल्यावर लेथचा पाटा आणि चक पुसून तेलाचा बोळा फिरवा, ओली सालपटं रात्रभर राहिली तर सकाळी गंज दिसतो.

तेल वाळणारं हवं: जवस, टंग किंवा अक्रोड. कच्चं जवस फार सावकाश वाळतं. दुकानातल्या उकळलेल्या जवसाच्या तेलात धातूंची संयुगं मिसळलेली असू शकतात, म्हणून खाण्याच्या भांड्यांसाठी डब्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं तेलच घ्या. पहिला हात सढळ, वीस मिनिटांनी उरलेलं तेल पूर्ण पुसून टाका, नाहीतर चिकट थर बसतो. दिवसाआड असे तीन-चार पातळ हात द्या, आणि शेवटच्या हातानंतर तेल मुरून घट्ट व्हायला तीन-चार आठवडे द्या. वापरताना वाडगा हाताने धुऊन लगेच पुसा. पाण्यात भिजत ठेवला किंवा मायक्रोवेव्हमध्ये घातला तर पुन्हा आकसणं-फुगणं सुरू होतं.

तेल पुसलेली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. वाळणारं तेल हवेशी संयोग होताना तापतं, आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. एकेक फडकं उघडं, सपाट पसरून घराबाहेर वाळू द्या, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.